बाईकवर ऊन डोळ्यावर येतंय? गॉगल घेताना हे बघा

पश्चिमेकडच्या उचगाव, तुरमुरी साईडनं रोज बेळगावला येणाऱ्यांना माहीत आहे, सकाळी येताना ऊन समोर आणि संध्याकाळी घरी जाताना पण समोरच. गॉगल घेताना नुसता काळा रंग बघू नका, काळी काच म्हणजे यूव्ही (उन्हातले न दिसणारे, डोळ्याला त्रासाचे किरण) अडवते असं काही नसतं, उलट काळ्या काचेमागं डोळ्याची बाहुली मोठी होते आणि यूव्ही जास्तच आत जाऊ शकतं, म्हणून यूव्ही ४०० वाला, म्हणजे जवळजवळ सगळं यूव्ही अडवणाराच मागा. शेड कॅटेगरी, म्हणजे काच किती गडद त्याचा नंबर, २ किंवा ३ बस झालं, ४ नंबरची काच गाडी चालवायला नाहीच. पोलराइज्ड काचेनं ओल्या रस्त्याची चकाकी जाते, भारी वाटतं, पण डिजिटल मीटर कधीकधी काळा दिसतो, आणि सांडलेलं डिझेल चमकतं ते पण कमी कळतं, म्हणून घ्यायच्या आधी घालून, मान वाकडी करून आपल्या गाडीचा मीटर बघा. आणि दुकानात हेल्मेट घेऊन जावा हो! गॉगलच्या दांड्या बारीक, सरळ पाहिजेत, जाड असल्या की कानामागं कळ येते. माझं म्हणाल तर हेल्मेटला क्लिअर व्हायझर (पुढची काच) आणि आत गॉगल, कारण काळा व्हायझर असला आणि वाटेत हिंडलग्याजवळच अंधार पडला की काच वर करून चालवायची पाळी येते, मग किडे थेट डोळ्यात.