मुलांना देशातील निसर्गनवले दाखवताना या चुका टाळा

ठाण्यातील आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी मुलांचा वाचनगट भरतो आणि सध्या त्यात भारतातील निसर्गनवलांची पुस्तके फिरत आहेत. या निमित्ताने माझ्या हातून ज्या चुका झाल्या आणि पालकांच्याही होताना दिसतात, त्या उपायांसह येथे मांडत आहे.

पहिली चूक विशेषणांची. ‘अद्भुत’, ‘जगप्रसिद्ध’, ‘सर्वात मोठे’ हे शब्द पानोपानी आले की मुलांच्या कानांना ते लागेनासे होतात. आकडाही ओळखीच्या मापाशिवाय कोरडाच राहतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या, उल्का आदळून झालेल्या विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे, हे ऐकून कोणी मान वर केली नाही. परंतु एका काठावरून समोरच्या काठापर्यंत सरळ चालता आले असते तर जवळपास अर्धा तास लागला असता, आणि घोडबंदर रोडवरचा चाळीस मजली टॉवर तळाशी उभा केला तरी त्याची गच्ची काठाच्या खालीच राहिली असती, असे सांगितल्यावर प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली.

दुसरी चूक म्हणजे दूरच्या गोष्टीपासून आरंभ करणे. लोणारचे विवर ज्या काळ्या बेसाल्टमध्ये पडले आहे, तोच बेसाल्ट आपल्या पारसिकच्या डोंगरात आणि येऊरच्या वाटेवरही आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये पसरलेल्या लाव्ह्याचा हा खडक मुलांच्या हातात द्यावा. त्यावरची बारीक भोके म्हणजे लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा, हे बोटाने चाचपून कळते. लोणारशी जोडलेली लवणासुर राक्षसाची कथाही वगळू नये. कथा आधी सांगावी आणि मग उल्कापाताचा पुरावा, म्हणजे प्रचंड दाबाने खडकातील खनिजांची झालेली काच, समोर ठेवावा. सात-आठ वर्षांच्या मुलांना या दोहोंतला फरक चांगला समजतो. गोंधळ बहुधा मोठ्यांचाच होतो.

मेघालयातील जिवंत मुळांच्या पुलांबाबत उलट चूक होते, ती म्हणजे माणसेच गाळण्याची. रबरवडाची पारंब्यांसारखी मुळे ओढ्यापलीकडे वळवण्याचे काम खासी आणि जैंतिया लोक वर्षानुवर्षे करतात, म्हणून तो पूल होतो.

चित्रांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. जून 2020 मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते, ती छायाचित्रे अजून फिरतात आणि ते सरोवर कायम तसेच असते, अशी मुलांची समजूत होते. एरवी ते हिरवट दिसते. त्या वेळी बाष्पीभवनामुळे खारटपणा वाढून मीठप्रिय सूक्ष्मजीव वाढले होते आणि त्यांच्यातील रंगद्रव्य कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्या, गटातले होते. रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, शेवाळ आणि बारीक जिवांच्या आहारातून मिळणारा रंगही याच गटातला असल्यामुळे हा धागा थेट ठाणे खाडीपर्यंत आणता येतो. पिल्ले मात्र राखाडी असतात, हे आधीच सांगून ठेवावे.

खाडीवर जाताना मी केलेली चूक सर्वात महागात पडली. भरतीचे वेळापत्रक न पाहता बारा मुलांना घेऊन ऐरोलीच्या बाजूला गेलो, तर समोर काठोकाठ पाणी आणि पक्षी कोठेच नाहीत. फ्लेमिंगो ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात खातात. भरतीला त्यांतील अनेक नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांकडे सरकतात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जात असल्यामुळे मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. 2022 मध्ये या खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाल्याचे मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो आणि मुले चप्पल आपटत होती. शेवटी पाणी उतरू लागले, तिवरांची वर आलेली श्वसनमुळे दिसू लागली आणि त्यांच्यामधून एक निवटी, म्हणजे चिखलात राहणारा छोटा मासा, परांच्या आधाराने चिखलावर सरकत आला. मासा पाण्याबाहेर चालतो कसा, यावर मुले अर्धा तास वाद घालत राहिली. ठरवलेले नवल दिसले नाही, तर असे समोर आलेले घ्यावे, आपली यादी बाजूला ठेवावी. ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या आवरणातून निवटी हवेतला प्राणवायू घेते, हे उत्तर मी मुद्दाम परतीच्या वाटेपर्यंत राखून ठेवले.

अखेरची अडचण दुर्बिणीची. ‘काहीच दिसत नाही’ अशी तक्रार आली की मुले लहान आहेत असे म्हणून दुर्बीण काढून घेतली जाते. बहुतेक वेळा दोन नळ्यांमधले अंतर मोठ्यांच्या डोळ्यांना जुळवलेले असते. मधला सांधा दुमडून ते कमी करावे, आणि आदल्या दिवशी गॅलरीतून समोरच्या इमारतीवरचे कबूतर स्पष्ट दिसेपर्यंत सराव करून घ्यावा.