सेलिब्रेशन आयपीए: दिवाळीला शोधा, नाताळपर्यंत संपवा

ख्रिसमस बियर म्हटलं की लोकांना दालचिनी, आलं, जायफळ असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं, आणि अमेरिकेत तशा मिळतातही, क्लीव्हलंडच्या ग्रेट लेक्स या ब्रुअरीची (बियरच्या कारखान्याची) ख्रिसमस एल ही बियर तर मध, आलं, दालचिनी घालूनच करतात. पण मी दरवर्षी जिच्या मागे लागतो ती सिएरा नेवाडा या ब्रुअरीची सेलिब्रेशन, हिच्यात मसाला औषधालाही नाही. लेबल लाल, त्यावर बर्फात बुडालेलं लाकडी घर, त्यामुळे लोक फसतात. आत आहे सरळसरळ कडक आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची कडू बियर), ६.८ टक्के अल्कोहोल, कॅलिफोर्नियातल्या चिको गावात १९८१ पासून बनतेय.

मग ही हिवाळ्यातच का? हॉप्समुळे, म्हणजे बियरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या बोंडांमुळे. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा भागात हॉप्सची तोडणी ऑगस्टच्या शेवटी सुरू होते, तोडल्या तोडल्या भट्टीत वाळवतात नाहीतर सडतात, आणि बहुतेक माल मग गाठी बांधून वर्षभर पुरवून वापरला जातो. सेलिब्रेशनसाठी मात्र नव्या हंगामातले पहिले हॉप्स घेतात, कॅस्केड, सेंटेनियल आणि चिनूक या जातींचे, तेही पूड न करता अख्खी बोंडं. थोडक्यात नवान्नच की हो! पाइन, संत्र्याची साल असा जो वास येतो तो सगळा तिथून.

आता शोधायची कशी. ऑक्टोबर लागला की दुकानात डोकवायला सुरुवात करा, म्हणजे दिवाळीच्या खरेदीबरोबरच हेही काम होतं. न्यू जर्सीवाल्यांनो, बहुतेक सुपरमार्केटात बियर मिळतच नाही, लिकर स्टोअरलाच जायचं, आणि जिथे माल भराभर खपतो असं मोठं दुकान गाठायचं, कोपऱ्यावरच्या दुकानात मागच्या वर्षीचा सिक्सपॅक पण शांतपणे बसलेला असू शकतो. म्हणून आधी बियर भरल्याची तारीख बघा, कॅन असेल तर उलटा करून बुडाला बघायची. फ्रिजमधलाच पॅक उचला, काचेच्या दारापाशी उन्हात मांडलेल्या बाटल्या नको, उजेडाने हॉप्समधला कडूपणा बिघडून घाणेरडा वास सुटतो, तपकिरी काच बरंच वाचवते पण सगळं नाही.

लोक काय करतात, आणतात आणि "ख्रिसमसला उघडू" म्हणून गॅरेजमध्ये ठेवून देतात. अहो, कशाला? हॉप्सचा वास आठवड्यागणिक उतरत जातो आणि उबेत तर अजून लवकर. आणली की फ्रिजमध्ये, आणि पहिली त्याच आठवड्यात. नाताळसाठी हवीच असेल तर डिसेंबरात ताजी तारीख बघून दुसरा पॅक घ्या.

प्यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवा, एकदम बर्फगार असली तर वास दबतो आणि नुसता कडूपणा लागतो. ग्लासात ओतायचीच, थेट बाटलीतून नाही, आणि फ्रीजरमध्ये गोठवलेला ग्लास तर अजिबात नको. ग्लास तिरका धरून अर्धी ओता मग सरळ करून जरा वरून, दोन बोटं फेस आला पाहिजे. रंग बघा, तांबूस, कॅरमल माल्टमुळे (मोड आणून भाजलेल्या सातूमुळे), आणि त्याचाच हलका गोडवा कडूपणाला सांभाळून घेतो.

बरोबर काय खायचं तर भाजणीची चकली, माझ्या मते याला तोड नाही. तूप-तेलाने माखलेलं तोंड चटकन साफ करते ही बियर. जुनं शार्प चेडार चीज पण छान. ठेचा, झणझणीत रस्सा मात्र जपून, कडू हॉप्स आणि अल्कोहोलने तिखट जास्तच झोंबतं. आणि साध्या लागर बियरमध्ये अल्कोहोल पाचेक टक्के असतं, ही त्याहून चढते, त्यामुळे गाडी दुसऱ्याकडे द्या.

जानेवारीत दुकानदार उरलेला माल स्वस्तात काढतात. तारीख नोव्हेंबर-डिसेंबरची असेल आणि पॅक फ्रिजमध्येच असेल तर बिनधास्त घ्या, फक्त "उरली तर मटणाच्या रश्शात टाकू" हा विचार सोडा, असली कडू बियर आटली की रस्सा कडूजहर होतो.