लहान विमानतळावरून निघण्याआधी

तिकीट काढण्याआधी दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड लिहून घ्या. नुसत्या गावाच्या नावावर विसंबू नका. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा कोड एसवायडी, तर कॅनडातल्या सिडनीचा वायक्यूवाय, आणि भलत्याच सिडनीला जाऊन उतरलेले प्रवासी खरोखर आहेत.

मग अंतर बघा. विमानतळांमधलं म्हणून जो आकडा दिसतो, तो पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेला जवळात जवळचा पल्ला असतो. विमान इतकं सरळ जात नाही; ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, बंद हद्दी टाळतं, उतरताना धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसा घेतं. आकडा सागरी मैलांत असेल तर १.८५२ ने गुणा, म्हणजे किलोमीटर मिळतील.

वेळेचा हिशोब मात्र सावकाश करा, कारण घोळ इथेच होतो. समजा, अंतर ४०० किलोमीटर आहे. एटीआर ७२ सारखं पंख्यांचं विमान ताशी साधारण ५०० च्या वेगाने जातं, म्हणजे ४८ मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वा तास दिसतो. ही वेळ विमान जागचं हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढता-उतरतानाचा कमी वेग, थोडी राखीव मिनिटं, सगळं त्यात आलं. जेट मिळालं तरी एवढ्याशा अंतरात फार तर पंधरा-वीस मिनिटं वाचतात. त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. वाराही धरा. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तर तेच अंतर कापायला ५३ मिनिटं, पाठीशी असला तर ४४. जायचा आणि यायचा वेळ वेगळा छापलेला दिसला तर ती चूक समजू नका. आणि सुटायची व पोहोचायची वेळ त्या-त्या ठिकाणची असते, तेव्हा घड्याळात फरक असेल तर आधी तो काढा, मग वजाबाकी करा.

सामान भरताना लहान विमानातला डोक्यावरचा कप्पा लहान असतो हे लक्षात ठेवा. केबिनची चाकांची बॅग बऱ्याचदा शिडीपाशीच काढून घेतात. माझी घेतली तेव्हा पॉवरबँक कपड्यांच्या तळाशी होती आणि ती विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात चालत नाही. मागे रांग खोळंबलेली आणि मी पायरीशेजारी उकिडवा बसून मोजे उपसतोय! तेव्हापासून पॉवरबँक, औषधं, कागदपत्रं, चष्मा एका छोट्या पिशवीत, खांद्याला.

पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये निदान तीन-चार तास ठेवा, कारण सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं आणि पहिल्याला उशीर झाला तर दुसरं थांबत नाही. धुक्याच्या दिवसांत पहाटेचं विमान टाळा. अनेक लहान विमानतळांवर कमी दृश्यमानतेत उतरवणारी यंत्रणा नसते. दिवसातलं शेवटचंही शक्यतो नको. काही विमानतळ ठरल्या वेळी बंद होतात, मग रेंगाळलेलं विमान थेट उद्यावर जातं.

उतरल्यावर गावात जायचं वाहन आदल्या दिवशीच ठरवा आणि चालकाला विमान क्रमांक द्या, नुसती वेळ नको. विमान जागेवर लागल्यावर सामान हाती येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात, तीही त्याला सांगून ठेवा.