फिक्सीवर बूट पुढच्या चाकाला लागतो? सीट मागे घेऊन काही होणार नाही

सीट मागे घे, लांब स्टेम (हँडल धरणारा दांडा) टाक, हँडल बदल. फिक्सीवर, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतच राहणाऱ्या सायकलवर, पुढे आलेला बूट वळताना पुढच्या चाकाला लागतो, त्याला टो ओव्हरलॅप म्हणतात. त्यावर हे तीन सल्ले मी इतक्या वेळा ऐकलेत की आता समोरचा बोलायला लागला की मी चेन पुसायला घेतो. यातल्या एकानेही काही होत नाही. पायडल कुठे येणार ते बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्यावर फिरतो तो मधला आस) ठरवतो, चाक कुठे येणार ते फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) ठरवतात, तुमचं बूड सीटवर कुठे टेकलंय याचा त्या दोघांशी काही संबंध नाही. एका दुकानातून मी स्वतः या सल्ल्यापायी लांब स्टेम विकत घेऊन आलोय, दुसऱ्या दिवशी बूट तिथेच घासला आणि मान दुखायला लागली ती वेगळीच.

तर आधी मोजा. बीबीच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या एक्सलपर्यंत सरळ टेप धरा, तो तुमचा फ्रंट सेंटर. माझ्या ५० साइजच्या फ्रेमवर तो ५७३ मिमी आहे. आता क्रँक (पायडलचा दांडा) १७०, नऊ नंबरच्या बुटाचा पायडलच्या एक्सलपुढे येणारा भाग साधारण १०५, आणि २८ च्या टायरसकट चाकाची त्रिज्या ३३८, बेरीज ६१३. म्हणजे ४० मिमी कमी पडतात, चांगला चार सेंटिमीटरचा ओव्हरलॅप. यात फ्रेम डिफेक्टिव्ह वगैरे काही नाही. ट्रॅकवरच्या शर्यतींसाठीच्या फ्रेमची जॉमेट्री अशीच असते, हेड ट्यूब (हँडलखालची फ्रेमची नळी) उभी, फोर्कचा ऑफसेट (एक्सल त्या नळीच्या रेषेच्या किती पुढे ते) कमी, कारण २५० मीटरच्या बँकिंगवाल्या ट्रॅकवर हँडल वळवायची वेळच फारशी येत नाही. अमेरिकेच्या सायकल नियमांत पायडलच्या मध्यापासून टायरपर्यंत निदान ८९ मिमी जागा हवी असं आहे, पण तेही टो क्लिपसारखं पाय धरून ठेवणारं काही नसलेल्या सायकलींसाठीच.

रस्त्यावरही वेगात असताना काही होत नाही. १० मीटर त्रिज्येच्या वळणाला हँडल जेमतेम ५-६ अंश वळतं, बाकी काम झुकण्याने होतं. हेच ३ मीटर त्रिज्येला १८ अंशांच्या आसपास जातं, म्हणजे यू-टर्न, बोळ, पार्किंग, सिग्नलला गाड्यांमधून वाट काढणं. त्रास फक्त तिथे.

पार्ट बदलून किती मिळतं तेही सांगतो, म्हणजे पैसे वाचतील. १७० चा क्रँक काढून १६५ चा टाकला की ५ मिमी (सीट तेवढी वर घ्या). २८ चा टायर काढून २५ चा, ३ मिमी. क्लीट (बुटाखालची पायडलला अडकणारी पट्टी) असेल तर ती बुटाच्या टोकाकडे सरकवा, म्हणजे पाय मागे जातो, बरेच जण नेमकं उलटं करतात. तीही चार-पाच मिमीच सरकवा, जास्त केलं तर पोटरी बोंबलते. लोखंडी टो क्लिप असेल तर ती काढून रुंद स्ट्रॅप लावा कारण क्लिपचं टोकच आधी टायरला लागतं, फक्त स्ट्रॅपमध्ये पाय पार आत खुपसू नका, चवडा एक्सलवरच राहू दे. सगळं मिळून पंधरा मिमीच्या आसपास. माझे चाळीस होते, पंचवीस उरलेच. तुमचा ओव्हरलॅप सेंटिमीटरभरच असेल तर हे जरूर करा, प्रश्न संपला. जास्त असेल तर क्रँकवर खर्च करण्याआधी पुढचं वाचा.

आणि फोर्क वाकवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर सायकल घेऊन निघून या. चिमटा वाकवून ऑफसेट वाढवायला ती भंगारातली सायकल नाहीये. ऑफसेट बदलला की ट्रेल, म्हणजे टायर स्टिअरिंगच्या रेषेच्या किती मागे टेकतो ते, बदलतो, स्टिअरिंग बदलतं, आणि वाकवलेली नळी कधी दगा देईल ते कुणी सांगू शकत नाही. स्ट्रॅपच काढून टाक म्हणणारे तर त्याहून भारी, फिक्सीवर पाय सुटला की पायडल थांबत नाही, ते गरगरत येऊन नडगीवर बसतं.

आता खरा भाग. मी पहिल्यांदा पडलो तो नारायण पेठेतल्या एका बोळात, वेग चालण्याएवढा, पत्ता चुकला म्हणून वळत होतो. हँडल पूर्ण उजवीकडे आणि डावा पाय पुढे आला, बूट टायरच्या आतल्या बाजूला शिरला. आता हँडल सरळ करायला जावं तर मध्ये बूट, पाय थांबवावा तर पायडल ढकलतंय. गिअरवाल्या सायकलवर पायडल मारणं थांबवून बाहेरचा पाय खाली ठेवता येतो, इथे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. उजव्या कुशीवर आडवा झालो, चहावाल्याने आधी सायकल उचलली मग मला.

यातून जे कळलं ते असं. वळताना वळणाच्या बाहेरचाच पाय लागतो. उजवीकडे वळलात की चाकाची मागची बाजू डावीकडे येते, म्हणून डावा बूट. आपल्याकडे यू-टर्न उजवीकडे, म्हणजे लक्ष ठेवायचं डाव्या पायावर, उजवा विसरून जा. आणि तो डावा पायही पूर्ण फेरीत लागत नाही. घरी सायकलवर बसून भिंतीला टेका, रोजचे बूट घाला, हँडल यू-टर्नएवढं वळवा आणि क्रँक हळूहळू फिरवून बघा बूट कुठे लागायला लागतो आणि कुठे सुटतो. माझा साधारण फेरीचा एक तृतीयांश भाग धोक्याचा आहे, पाय पुढे आडवा यायच्या थोडा आधीपासून थोडा नंतरपर्यंत. उरलेले दोन तृतीयांश मोकळे. मग डावा पाय पुढे आडवा ठेवून हँडल किती वळल्यावर बूट लागतो ते बघून हेड ट्यूबवर आणि स्टेमखालच्या स्पेसरवर (कड्यावर) पांढऱ्या चिकटपट्टीची एकेक खूण करा, चालवताना खाली नजर टाकली की समोर दिसते.

४६-१६ च्या (पुढे ४६, मागे १६ दात) गिअरवर एका फेरीत सायकल साधारण ६ मीटर जाते. म्हणजे धोक्याचे २, मोकळे ४. अडीच मीटर त्रिज्येचा यू-टर्न जवळजवळ ८ मीटरचा होतो, एका फेरीत बसतच नाही, त्यामुळे डावा पाय मध्ये एकदा पुढे येणारच हे धरूनच चाला. मी असं करतो: वळायच्या जागेआधी वेग कमी करून पाय मोजतो, डावा पाय पुढून खाली जायला लागला की त्याच क्षणी हँडल पूर्ण वळवतो, तो खालून मागे, मागून वर येईपर्यंत वळलेलंच ठेवतो, वर आला की हँडल खुणेच्या आत सैल सोडतो, सायकल जरा बाहेर जाते, जाऊ द्या, पाय पुढून खाली गेला की पुन्हा वळवतो. यू-टर्नचा गोल होत नाही, कोपरे मारलेला बटाटा होतो. रस्ता थोडा जास्त लागतो. पुरत नसेल तर उतरून वळवा, त्यात लाज कसली.

चुकीच्या पायावर वळण सुरू झालं तर अर्धी फेरी सरळ जाऊ द्या, जबरदस्तीने वळवू नका. माझ्या निम्म्या चुका इथल्याच. आणि बूट लागलाच तर हँडलला हिसका देऊ नका, पायांनीच सायकल थांबवा, त्या वेगात थांबते, आणि उजवा पाय टेका कारण पडणार तिकडेच. म्हणून गर्दीत वळायच्या आधी उजवा स्ट्रॅप मी हाताने सैल करून घेतो. हे सगळं वाचून जमत नाही. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये खडूने सहा मीटर अंतरावर दोन रेघा मारा आणि त्यांच्यात वळत बसा, दहा-पंधरा मिनिटं, दोन-तीन आठवडे. डावीकडचीही करा, तिथे उजवा पाय लागतो.

ट्रॅकस्टँडला, म्हणजे पाय न टेकता जागच्या जागी तोल धरायला, उलट सोपं आहे: जो पाय पुढे त्याच बाजूला चाक वळवा, टायर बुटापासून लांब जातो. आपल्याकडे डाव्या बाजूने चालवतो आणि रस्त्याचा उतार बहुतेक डावीकडे असतो, म्हणून उजवा पाय पुढे, चाक उजवीकडे चढाला. परदेशी व्हिडिओ बघून डावा पाय पुढे ठेवायची सवय लावली असेल तर ती आधी मोडा, मला दोन महिने लागले.

राहिलं मडगार्ड. पावसाळ्यात पुढचं पूर्ण मडगार्ड लावलंत तर वर मोजलेल्यात अजून दीड-दोन सेंटिमीटर गेले, आणि बूट टायरला लागला तर घासतो, मडगार्डला लागला तर ते वाकून चाकात जाऊ शकतं. मी पुढचं काढून डाऊन ट्यूबला (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीला) चिकटवायचं छोटं प्लॅस्टिकचं लावलंय. बूट भिजतात थोडे.