घरातलं म्हातारं माणूस पडू नये म्हणून या चुका टाळा

म्हातारं माणूस एकदा पडलं की घरात लगेच ठरतं, "आता उठायचं नाही, काय हवं ते आम्ही हातात आणून देऊ." मायेपोटी होते खरी, पण सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. बसून राहिलं की मांड्यांतली ताकद काही आठवड्यांतच उतरते, पडण्याची धास्ती मनात घर करते आणि पुढच्या वेळी पाय आणखी लटपटतात. त्यांना चालतं ठेवा. दिवसातून दोन-तीनदा खुर्चीतून सावकाश उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं एवढं जरी रोज झालं तरी फरक पडतो. शक्य असेल तर सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा.

"पाय घसरला" एवढ्यावर चौकशी संपवू नका. उठल्याउठल्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, ते विचारा. पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी मोजा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. बीपीच्या, लघवी जास्त होण्याच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं. अनेकदा तीन डॉक्टरांनी तीन वेळा लिहून दिलेली औषधं एकत्र चालू असतात आणि ती सगळी एकाही डॉक्टरने पाहिलेली नसतात. म्हणून घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

रात्री लघवीला उठताना तर घाई नकोच. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, डोकं ठीक वाटलं की मगच उभं राहायचं. वाटेत छोटा दिवा रात्रभर चालू ठेवा. विजेच्या बिलाची काळजी त्यांनाच जास्त असते, तेव्हा तो बटणाविना आपोआप लागणारा घ्या.

बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीवर भरवसा ठेवू नका. प्लॅस्टिकच्या गिट्टीत बसवलेले तिचे स्क्रू माणसाचं वजन पेलत नाहीत, धरल्या धरल्या निखळून हातात येतात. स्टीलचा मजबूत बार भिंतीत पक्का बसवून घ्या. कुठे, हे प्लंबरला ठरवू देऊ नका. कमोडशेजारच्या भिंतीवर नीट पाहिलंत तर आधारासाठी हात टेकून टेकून मळकट डाग पडलेला दिसेल. बार तिथेच हवा. दाराला आतून कडी नको. दार आत उघडणारं असेल आणि माणूस दारामागेच पडला, तर ते बाहेरून ढकलता येत नाही. जमल्यास ते बाहेर उघडणारं करून घ्या.

जुन्या साडीचं पायपुसणं, टोक वळलेली सतरंजी, टाचेला पट्टा नसलेल्या झिजक्या स्लिपर आजच काढून टाका. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून चालू देऊ नका.

सांभाळायला येणाऱ्या मावशींनाही दोन गोष्टी दाखवून द्या. दंडाला धरून ओढत उठवायचं नाही, खांदा निखळू शकतो. आणि व्हीलचेअरचा ब्रेक लावल्याशिवाय, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केल्याशिवाय उठवायचं नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या पलंगाला कठडे लावले की सुरक्षित झालं, असं वाटतं. पण असा माणूस कठडा ओलांडू पाहतो आणि जास्त उंचीवरून पडतो. त्यापेक्षा पलंगच बुटका करा.

एवढं करूनही पडलेच, तर धावत जाऊन बखोटीला धरून उभं करू नका. कुठे दुखतंय ते आधी विचारा. एक पाय आखूड दिसत असेल, बाहेरच्या बाजूला वळला असेल किंवा खुब्यात कळ असेल, तर हलवू नका, १०८ वर फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर माणूस व्यवस्थित बोलत असला तरी त्याच वेळी दवाखान्यात न्या. मेंदूतला रक्तस्राव काही तासांनीही लक्षात येऊ शकतो.