लिपिडांच्या घटनेवरून पेशीपटलाचे गुणधर्म कसे ताडावेत

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यापुढे एखाद्या पेशीपटलातील लिपिडांचा तक्ता ठेवून त्या पटलाची प्रवाहिता (त्यातील रेणू किती मोकळेपणाने सरकतात) आणि पारगम्यता (त्यातून आरपार किती गळते) कशी असेल असे विचारले, तर ‘असंपृक्त (द्विबंध असलेली) मेदाम्ले जास्त, म्हणून प्रवाहिता जास्त’ हे उत्तर बहुधा लगेच येते. ते चूक नाही, पण त्यात तापमानाचा, स्टेरॉलचा (कोलेस्टेरॉलसारख्या लिपिडांचा) आणि लिपिडांच्या शीर्षगटांचा (रेणूंच्या डोक्यांचा) विचार नसल्यामुळे प्रत्यक्ष प्रयोगात ते फार काळ टिकत नाही. तक्ता कोणत्या क्रमाने वाचावा म्हणजे अंदाज खरा ठरेल, ते पुढे दिले आहे.

सर्वांत आधी तक्त्याच्या वर तापमान लिहावे. पटलातील मुख्य लिपिडे म्हणजे फॉस्फोलिपिडे; त्यांच्या रेणूला एक डोके आणि मेदाम्लांच्या बहुधा दोन शेपट्या असतात. प्रत्येक फॉस्फोलिपिडाला स्वतःचे संक्रमण तापमान असते. त्याखाली शेपट्या ताठ होऊन एकमेकींना लगटून बसतात, ती जेल अवस्था, आणि त्यावर त्या वळवळू लागतात व रेणू पटलाच्या प्रतलात मोकळेपणाने सरकतात, ती द्रव अवस्था. १४ कार्बनच्या दोन संपृक्त शेपट्या असलेल्या डीएमपीसी या फॉस्फोलिपिडाचे संक्रमण तापमान सुमारे २४ अंश सेल्सिअस आहे. पुण्यात जानेवारीच्या सकाळी प्रयोगशाळेतील टेबलावर २० अंशांच्या आसपास तापमान असते आणि दुपारी ते २६-२७ पर्यंत सहज चढते. म्हणजे तीच कुपी आणि तेच लिपिड, पण सकाळचे मोजमाप जेल अवस्थेचे आणि दुपारचे द्रव अवस्थेचे निघते. म्हणून वहीत ‘खोलीचे तापमान’ असे मोघम न लिहिता आकडा लिहावा आणि नमुना वॉटर बाथमध्ये ठेवूनच मोजावा. तापमापी उकळत्या पाण्यात तपासताना ती ९८ अंश दाखवत असेल तर तिला दोष देऊ नये. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथे पाणी साधारण त्याच तापमानाला उकळते.

दुसरे काम आकडेमोडीचे आहे आणि ते टाळले तर पुढचे सगळे अनुमान कोलमडते. तक्त्यातील टक्के वजनाचे आहेत की मोलचे (म्हणजे रेणूंच्या संख्येचे), हे पाहावे आणि वजनाचे असल्यास मोलमध्ये बदलून घ्यावेत. डीपीपीसी (१६ कार्बनच्या दोन संपृक्त शेपट्यांचे फॉस्फोलिपिड) आणि कोलेस्टेरॉल प्रत्येकी १० मिलिग्रॅम घेतले तर मिश्रण निम्मे-निम्मे झाले असे वाटते. परंतु डीपीपीसीचा रेणुभार सुमारे ७३४ आणि कोलेस्टेरॉलचा सुमारे ३८७ असल्यामुळे पहिल्याचे १३.६ आणि दुसऱ्याचे जवळपास २६ मायक्रोमोल होतात, म्हणजेच कोलेस्टेरॉल मोलच्या हिशेबाने ६५ टक्क्यांवर जाते. अशा द्विस्तरात (शेपट्या आत ठेवून रचलेल्या लिपिडांच्या दुहेरी थरात) कोलेस्टेरॉल साधारण दोन तृतीयांशांपर्यंतच मावते आणि त्यापुढे त्याचे स्फटिक वेगळे होऊ लागतात. तेव्हा निम्मे-निम्मे समजून केलेले हे मिश्रण प्रत्यक्षात त्या मर्यादेला टेकलेले असते.

आता शेपट्यांकडे वळावे. लांबी वाढली की संक्रमण तापमान चढते: १४ कार्बनला २४ अंश, १६ कार्बनच्या डीपीपीसीला ४१ अंश, १८ कार्बनच्या डीएसपीसीला ५५ अंश. द्विबंधाचा परिणाम याहून कितीतरी जोरकस असतो. डीएसपीसीच्या एका शेपटीत मधोमध एक सिस द्विबंध आला की ५५ अंशांचे तापमान सुमारे ६ अंशांवर उतरते, आणि दोन्ही शेपट्यांत आला की उणे १७ अंशांवर. पहिल्या द्विबंधाने जवळजवळ ५० अंशांची घसरण होते, दुसऱ्याने त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून ‘एकूण द्विबंध किती’ याऐवजी ‘किती रेणूंत निदान एक द्विबंध आहे’ हे मोजणे मला अधिक उपयोगाचे वाटते. द्विबंध सिस आहे की ट्रान्स, हेही पाहावे. सिस बंधामुळे शेपटीला बाक येतो आणि शेजारची शेपटी लगटून बसू शकत नाही. ट्रान्स बंधाची शेपटी मात्र बरीचशी सरळच राहते, आणि म्हणून तशाच १८ कार्बनच्या दोन ट्रान्स शेपट्यांच्या लिपिडाचे संक्रमण तापमान १२ अंशांच्या आसपास राहते. थंडीत साजूक तूप थिजते आणि शेंगदाण्याचे तेल पातळ राहते, त्यामागेही शेपट्यांची हीच रचना आहे, मात्र तूप आणि तेल हे द्विस्तर नसल्यामुळे त्यांच्या गोठण्याचे आकडे पटलाला लावू नयेत.

जिवंत पेशी हे गणित स्वतःच सांभाळते. ई. कोलाय हे जिवाणू कमी तापमानाला वाढवले की ते असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवते आणि पटलाची प्रवाहिता जवळपास पूर्वीइतकी राखते. सिनेन्स्की यांनी १९७४ मध्ये हे दाखवून दिले. त्यामुळे दोन जिवाणूंच्या तक्त्यांची तुलना करताना ते कोणत्या तापमानाला वाढवले होते, हे कळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

यानंतर स्टेरॉल. येथे सर्वाधिक गोंधळ होतो, कारण कोलेस्टेरॉल पटल घट्ट करते की सैल करते याला एकच उत्तर नाही. संक्रमण तापमानाच्या वर असलेल्या पटलात त्याची ताठर वलये शेजारच्या शेपट्यांची हालचाल आवरतात, पटल थोडे जाड होते आणि पाण्यासारख्या लहान रेणूंची गळती कमी होते. त्या तापमानाच्या खाली तेच कोलेस्टेरॉल शेपट्यांच्या नीट रचनेत आड येते आणि पटल पूर्ण थिजू देत नाही. त्याचे प्रमाण वाढत गेले की जेल आणि द्रव यांमधला टोकदार बदल पसरट होत जातो आणि शेवटी नाहीसा होतो. सस्तन प्राण्यांच्या पेशीपटलात ते साधारण ३० ते ४० मोल टक्के असते, म्हणून अशा पटलासाठी एकच संक्रमण तापमान सांगण्याचा आग्रह धरू नये. स्फिंगोमायेलिन हे आणखी एक पटल-लिपिड सोबत असेल तर कोलेस्टेरॉल त्याच्या संगतीत अधिक राहते आणि सुव्यवस्थित तरीही प्रवाही असे भाग तयार होऊ शकतात. वनस्पतींच्या तक्त्यात सिटोस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल हे स्टेरॉल शोधावेत, ई. कोलायच्या तक्त्यात स्टेरॉल सापडणार नाही.

शीर्षगट पाहताना आकार आणि विद्युतभार या दोन गोष्टी नोंदवाव्यात. फॉस्फॅटिडिलकोलीन (डीपीपीसीसारखी, नावाच्या शेवटी ‘पीसी’ असलेली लिपिडे) साधारण दंडगोलाकार असल्याने सपाट थर देते. फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइनचे डोके लहान असल्याने त्याचा थर वक्र होऊ पाहतो, आणि पटलांच्या विलीनीकरणात त्याचे महत्त्व असते. त्याच लहान डोक्यांमध्ये हायड्रोजन बंध जुळतात, म्हणून शेपट्या डीपीपीसीसारख्याच असूनही डीपीपीई या फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइनचे संक्रमण तापमान ४१ ऐवजी ६३ अंश येते. फॉस्फॅटिडिलसेरीन, फॉस्फॅटिडिलग्लिसेरॉल आणि कार्डिओलिपिन यांवर ऋण भार असतो. ही लिपिडे जास्त असतील तर कॅल्शियम आणि धनभारित पेप्टाइडे त्या पटलाला चिकटतील, असे भाकीत करण्यास हरकत नाही.

तक्ता संपूर्ण पटलाचा असतो, पण दोन्ही थर सारखे नसतात. तांबड्या पेशीत फॉस्फॅटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायेलिन मुख्यतः बाहेरच्या थरात, तर फॉस्फॅटिडिलसेरीन आतल्या थरात असते. म्हणून एकूण ऋण भार पाहून बाहेरचा पृष्ठभाग तितकाच भारित आहे, असे धरू नये.

अंदाज लिहून झाला की तो लायपोसोमवर, म्हणजे लिपिडांच्या द्विस्तराच्या कृत्रिम पोकळ गोळ्यांवर, पडताळावा. लिपिडे क्लोरोफॉर्ममध्ये एकत्र विरघळवून काचेच्या चंबूत त्यांचा पातळ थर वाळवावा आणि त्यावर कॅल्सीन या चमकणाऱ्या रंजकाचे संहत द्रावण घालावे. मात्र द्रावण आणि चंबू दोन्ही सर्वांत चढ्या संक्रमण तापमानाच्या वर असावेत. डीपीपीसीसाठी ५० अंश पुरतात. बाहेर उरलेले कॅल्सीन स्तंभातून वेगळे केल्यावर, आतील कॅल्सीन दाटीमुळे मंद चमकते आणि गळून विरळ झाले की प्रखर चमकते. शेवटी ट्रायटन एक्स-१०० हे लायपोसोम फोडणारे अपमार्जक घालून मिळणारी चमक शंभर टक्के मानावी. येथे एक गोष्ट अपेक्षेविरुद्ध दिसते: डीपीपीसीच्या लायपोसोममधून सर्वाधिक गळती ४१ अंशांच्या आसपास, ऐन संक्रमणाच्या वेळी होते आणि तापमान त्यावर थोडे नेले की ती उलट कमी होते, कारण जेल आणि द्रव भागांच्या सीमेवर रचना सर्वांत विस्कळीत असते.

म्हणूनच एप्रिल-मेमध्ये असा नमुना पुण्यातल्या पुण्यात, पाषाणहून गणेशखिंडीला, न्यायचा असेल, तर तो दुचाकीच्या डिकीत ठेवू नये. उन्हात डिकी ४० अंश सहज ओलांडते आणि मोजमापाआधीच कॅल्सीन बाहेर पडलेले असते. कुपी थर्मासमध्ये गार पाण्यासोबत न्यावी, पण बर्फात गोठू देऊ नये, कारण बर्फाचे स्फटिक लायपोसोम फोडतात. बहुअसंपृक्त लिपिडे असतील तर कुपीत नायट्रोजन भरून घट्ट बंद करावी आणि पोहोचल्यावर त्याच दिवशी मोजमाप उरकावे.