हॅक झालंय वाटतं? आधी नेट काढा, फॉरमॅट नंतर

माझं सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ‘दादा, माउस आपोआप हलतोय’ असा फोन आला की मी आधी राउटर बंद करायला सांगतो. बाकी सगळं त्यानंतर.

मग खरंच हॅक झालंय का ते बघायचं. कोपऱ्यात सारखं ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस’ येत असेल, तर बहुतेक वेळा कुणीतरी कुठल्याशा साइटवर ‘अलाऊ’ दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, नोटिफिकेशन्सखाली, ती साइट काढली की विषय संपला. त्यातला फोन नंबर मात्र लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतोच.

पण ‘आज रात्री वीज कापणार’ म्हणणाऱ्याचं ऐकून एनीडेस्क (दुसऱ्याला लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप) टाकलं असेल, तर कॉम्प्युटर राहू द्या, बँक गाठा. खातं, कार्ड, नेटबँकिंग बंद करून घ्या आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. लाजेपायी उशीर करणारे फार. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीचा नंबर आणि वेळ वहीत लिहून ठेवा.

आता पासवर्ड. तेही त्या मशीनवरून नाही, दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाईलवरून. सुरुवात जीमेलपासून, कारण बाकी सगळ्यांचे ‘फरगॉट पासवर्ड’ तिथेच येतात. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. चोराने ब्राउझरच्या कुकीज (तुम्ही लॉगिन आहात हे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइली) उचलल्या असतील तर तो पासवर्डशिवायही आत असू शकतो. गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत ‘युअर डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी सगळे साइन आउट करा. रिकव्हरीचा मोबाईल नंबर आपलाच आहे ना, तेही बघा.

एक जागा लोकांच्या लक्षातच येत नाही: जीमेलचे फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं त्याचे नियम. मोबाईल ॲपमध्ये ते दिसत नाहीत, ब्राउझरमध्येच उघडावं लागतं. एका अडत व्यापाऱ्याला बँकेच्या मेल येणं बंद झालं होतं. उघडून पाहिलं तर एकच ओळ होती: बँकेचं नाव असलेली मेल वाचलेली दाखवा आणि थेट डिलीट करा. त्याच्या शेजारच्या फॉरवर्डिंगच्या टॅबमध्येही डोकवा. व्हॉट्सॲपचे लिंक्ड डिव्हाइसेसही तपासा.

मग मशीनकडे या. विंडोज सिक्युरिटीत ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ आहे. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. पण कुणी रिमोटने आत येऊन गेलं असेल किंवा फुकटचा ॲक्टिव्हेटर (विंडोज चोरून ॲक्टिव्हेट करणारा प्रोग्रॅम) चालवला असेल, तर मी स्कॅनवर विसंबत नाही. सरळ फॉरमॅट मारतो.

त्याआधी बॅकअप घ्यायचा तो फोटो, कागदपत्रं आणि टॅलीचा डेटा एवढाच. सेटअप फाइली घेऊ नका. फाइल एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) दिसतील अशी सेटिंग करा, म्हणजे ‘लग्नपत्रिका.पीडीएफ’च्या मागे लपलेलं ‘.ईएक्सई’, म्हणजे तो प्रोग्रॅम आहे हे, दिसेल. श्री-लिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली जुनी पत्रं असतील तर त्याचा मूळ इन्स्टॉलर किंवा सीडी हाताशी आहे का बघा, नाहीतर त्या फाइली उघडल्यावर नुसती अगम्य अक्षरं दिसतील. बॅकअप दुसऱ्या मशीनवर अँटीव्हायरसने तपासून, दोन-चार फोटो उघडून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

त्याच दुसऱ्या मशीनवर ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज घ्या. त्यावरून बूट करून त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन (सी, डी असे डिस्कचे भाग) उडवा, फक्त सी ड्राइव्ह नाही. लायसन्स जाईल म्हणून लोक घाबरतात. पण मूळ विंडोज डिजिटल लायसन्सची असेल आणि मदरबोर्ड तोच असेल, तर नेट जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा मशीन झेपणारं असेल तर ११ च टाका.

नेट जोडण्याआधी राउटर. ‘ॲडमिन-ॲडमिन’ असेल तर पासवर्ड बदला आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेटिंग) कुणी फिरवलाय का बघा. शेवटी क्रोममध्ये लॉगिन करताना सिंककडे (जुन्या सेटिंग्ज आपोआप परत आणणाऱ्या सोयीकडे) लक्ष ठेवा. क्रोमला जोडलेलं खराब एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, त्याच वाटेने परत येतं, म्हणून लॉगिन झाल्या झाल्या यादी उघडून अनोळखी असेल ते काढा.